आधी टाटा की आधी ससून?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो. घरात सासूबाई, मिस्टर, मी, सहा वर्षांची मुलगी आणि धाकटे दीर. दिरांचं वय ३४, भोसरीला नोकरी, लग्न व्हायचंय. दिवाळीच्या सुमारास त्यांच्या उजव्या पायावर जांभळट-काळे डाग उठले. नायटा समजून मलम लावलं, मग जवळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. खाज नव्हतीच, डाग मात्र वाढत गेले. एक नाकाच्या शेंड्यावर आला, एक टाळूवर. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टमध्ये ‘कपोसी सार्कोमा’ नावाचा कॅन्सर आला. मग रक्त तपासलं तर एचआयव्ही पॉझिटिव्ह, सीडी-४ ९६.

हे त्यांनी फक्त मला सांगितलंय. दादाला आणि आईला सांगायचं नाही अशी शपथ घातलीय. डॉक्टरांनी ससूनच्या एआरटी सेंटरची (एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या केंद्राची) चिठ्ठी दिली, तिला तीन आठवडे होऊन गेले. एक दिवस म्हणतात, कॅन्सर मोठा, आधी मुंबईला टाटाला जाऊ, एचआयव्हीचं नंतर बघू. दुसऱ्या दिवशी म्हणतात, नेटवर फोटो पाहिलेत, आता काही करण्यात अर्थ नाही. मी प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून रोज गुळवेलीचा काढा देते. मुलगी काकाच्या ताटात जेवते, त्याची भीती वाटते. सासूबाईंनी पाडव्यानंतर एक स्थळ बघायला जायचं ठरवलंय. मिस्टरांपासून हे लपवणं बरोबर आहे का? मेडिक्लेम वापरला तर कंपनीत कळेल का? आणि मनात येतं ते विचारून टाकते, भाऊजींना हे आलं कुठून? हल्ली उजव्या पायात बूट चढत नाही म्हणून चप्पल घालूनच कामाला जातात.
— एक वहिनी

उत्तर : वहिनी, पत्रातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं वाक्य तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय. उजव्या पायात बूट चढत नाही. म्हणजे पायाला सूज आहे. कपोसी सार्कोमात नुसते डाग असणं वेगळं आणि डागांसोबत त्याच पायाला सूज असणं वेगळं. त्वचेखालच्या लसीका (लिम्फ) वाहिन्या तुंबल्या की अशी सूज येते, आणि मग आजार पुढच्या पायरीवर धरतात. त्या त्वचेच्या डॉक्टरांनी पाय पाहिला तेव्हा ती नसेलही. म्हणून बाकी प्रश्नांकडे वळण्याआधी सांगते: येत्या सोमवारी सकाळी भाऊजींना घेऊन ससूनला जा, ती चिठ्ठी घेऊन. टाटाचं नंतर बघू.

भाऊजींचा हिशेब असा की आजार दोन आहेत, त्यातला मोठा आधी उरकावा. इथे तो हिशेब चालत नाही. त्यांचा कॅन्सर एचआयव्हीच्या जिवावर वाढतोय, आणि एचआयव्हीच्या गोळ्या हाच त्या कॅन्सरवरचा पहिला उपचार आहे. हे नुसतं सांगून त्यांना पटायचं नाही, म्हणून थोडं खोलात जाऊन सांगते. त्यांनाही वाचायला द्या.

या कॅन्सरच्या मुळाशी एक विषाणू आहे, आणि तो एचआयव्ही नव्हे. कांजिण्या आणि नागीण ज्या हर्पीस कुळातल्या विषाणूमुळे होतात, त्याच कुळातला हा आठवा, म्हणून त्याला एचएचव्ही-८ म्हणतात. १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये युआन चँग आणि पॅट्रिक मूर या नवरा-बायकोंनी तो कपोसीच्या डागांतून शोधून काढला. ज्यांच्या अंगात तो असतो त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. शरीरातल्या टी पेशी त्याला दाबून ठेवतात आणि तो जन्मभर गप्प पडून राहतो. एचआयव्ही नेमक्या याच पेशी संपवतो. सीडी-४ म्हणजे त्या पेशींची मोजदाद. निरोगी माणसात ती साधारण ५०० च्या वर असते, २०० च्या खाली गेली की आम्ही डॉक्टर मंडळी कान टवकारतो. भाऊजींची ९६ आहे.

राखण करणारा उठून गेला की रानडुकरं शेतात शिरतात. एकेका डुकरामागे काठी घेऊन धावता येतं, पण पीक वाचवायचं तर राखण्या परत आणून बसवावा लागतो.

इथे शेतात शिरलेला तो एचएचव्ही-८. तो रक्तवाहिन्यांच्या आणि लसीका वाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशींत घुसतो. त्या पेशी लांबट होतात, वाढत सुटतात, वेड्यावाकड्या बारीक वाहिन्या तयार करतात आणि त्यांतून रक्त झिरपत राहतं. डागाचा जांभळा रंग त्या रक्ताचा. म्हणून तो बोटानं दाबला तरी पुरता फिका पडत नाही, आणि बुरशीचा नसल्यामुळे नायट्याच्या मलमाला दादही देत नाही. पायावरचा एक डाग ‘पसरून’ नाकावर आणि टाळूवर गेला असं मात्र समजू नका. हा आजार बहुधा एकाच वेळी अनेक जागी उगवतो. त्यामुळे एखादा डाग कापून काढला की प्रश्न मिटला, असं इथे होत नाही.

(पुस्तकांतले आणि नेटवरचे कपोसीचे फोटो बहुतेक गोऱ्या कातडीवरचे असतात, लालभडक किंवा वांगीरंगी. आपल्या सावळ्या कातडीवर तो डाग तपकिरी, काळपट, कधी नुसता मार लागल्यासारखा दिसतो. आपल्याकडे तो महिनोन् महिने नायटा, चामखीळ किंवा जुनी जखम म्हणून सांभाळला जातो, त्याचं हे एक कारण.)

आता त्या फोटोंबद्दल. मॉरित्झ कपोसी या व्हिएन्नातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी १८७२ साली या आजाराचं पहिलं वर्णन केलं. पुढची शंभर वर्षं तो युरोपात म्हाताऱ्या पुरुषांच्या पायांवर रेंगाळणारा दुर्मीळ आजार म्हणूनच माहीत होता. आफ्रिकेत त्याचं वेगळं रूप दिसायचं. मग १९८१ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात बातमी आली की न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्नियात २६ पुरुषांना, त्यातल्या बऱ्याच तरुणांना, हाच कॅन्सर झालाय. एड्स हे नावसुद्धा तेव्हा ठेवलेलं नव्हतं. भाऊजींनी पाहिलेले चेहरे बहुतेक त्या दशकातले. त्या माणसांना एचआयव्हीवर कामाचं औषधच मिळालेलं नव्हतं.

१९९६ च्या सुमाराला तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत आली आणि ज्या देशांत ती मिळाली तिथे कपोसीचं प्रमाण धडाधड उतरलं. त्या वर्षी कॅन्सरचं काही जादूचं औषध निघालेलं नव्हतं, एचआयव्हीवरचा उपचार निघाला होता. किडनी बदललेल्या रुग्णांतही हेच दिसतं. नवी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून त्यांची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबतात, आणि काहींना त्यातून हाच कॅन्सर होतो. त्या गोळ्या कमी केल्या किंवा बदलल्या की कित्येकांचे डाग आपोआप विरतात. राखण परतल्यावर मागे हटणारे कॅन्सर फार थोडे आहेत, हा त्यांतला एक. भाऊजी नेटवर एवढं शोधतातच, तर हेही शोधू देत.

आपल्याकडे सरकारनं एआरटी मोफत द्यायला सुरुवात केली ती १ एप्रिल २००४ ला. त्याआधीची ओपीडी मी पाहिलीय. निदान सांगायचं, मग औषधांचा महिन्याचा खर्च सांगायचा, आणि समोरचा माणूस ‘घरी विचारून येतो’ म्हणून उठायचा तो परत यायचा नाही. आज तीन औषधं एका गोळीत येतात, रोज एक, फुकट. ती गोळी तीन आठवडे चिठ्ठीच्या रूपानं खिशात पडून आहे, याचा मला थोडा रागच आला. भाऊजींना तसं सांगितलंत तरी चालेल.

सोमवारी काय होईल ते सांगते, म्हणजे धास्ती कमी होईल. खाजगी लॅबचा रिपोर्ट असला तरी तिथल्या तपासणी केंद्रात रक्त पुन्हा घेतात आणि तीन वेगवेगळ्या किटवर खात्री करतात. त्याआधी समुपदेशक बोलतात, संमती घेतात. मग टीबी आहे का ते कसून बघतात, कारण सीडी-४ एवढा कमी असताना आपल्या देशात सर्वांत मोठा धोका टीबीचाच. छातीचा एक्स-रे, लिव्हर, किडनी, कावीळ बी, आणि मेंदूवर जाणाऱ्या एका बुरशीसाठी रक्ताची तपासणी. यातलं काही निघालं तर एआरटी थोडी मागे-पुढे होते. नाही निघालं तर काही दिवसांतच सुरू होते. कपोसी आहे म्हणून ती लांबवायचं कारण नसतं, उलट घाईच करायची असते. सोबत न्यूमोनियासारखे आजार टाळायला कोट्रायमोक्झाझोलची गोळीही देतील. तिला किरकोळ समजू नका. आधार कार्ड, सगळे रिपोर्ट आणि एक सोबतचं माणूस न्या. ते माणूस तुम्हीच.

ससूनमध्ये ओळखीचं कुणी भेटेल या भीतीनं पाय अडत असेल, तर पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयातही एआरटी सेंटर आहे. भोसरीहून तेच जवळ पडेल. (भाऊजी ज्या एमआयडीसीत कामाला जातात, त्याच भोसरीत १९९२ पासून देशाची एड्स संशोधन संस्था उभी आहे. जुन्या लोकांच्या तोंडी तिचं नाव अजून ‘नारी’च.) रांगेत उभं राहण्याआधी फोनवर बोलायचं असेल, तर १०९७ ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, तिथे नाव सांगावं लागत नाही.

एआरटी सेंटरच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत तीन गोष्टी तुम्ही स्वतः सांगा, कारण भाऊजी सांगणार नाहीत. पायाची सूज, टाळूवरचा डाग, आणि त्या जवळच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या. टाळूवरचा डाग सपाट आहे की वर आलेला, यालाही महत्त्व आहे. सपाट असेल तर आजार अजून हलक्या बाजूला धरतात. तोंडात डाग असले की खाली अन्नमार्गातही असू शकतात, म्हणून शौचातलं रक्त तपासतील, खोकला किंवा दम असेल तर फुप्फुसं बघतील.

गोळ्यांबद्दल जरा जास्त बोलायला हवं. नायट्याचं म्हणून आपल्याकडे जी मिश्र मलमं मिळतात, त्यांतल्या बऱ्याच मलमांत जोरदार स्टेरॉइड असतं. डाग वाढतायत म्हणून दिलेल्या गोळ्याही स्टेरॉइडच्या असण्याची शक्यता मला दाट वाटते. कपोसी सार्कोमात स्टेरॉइड म्हणजे आगीत तेल. प्रतिकारशक्ती आणखी दबते आणि डाग भराभर वाढतात. मलम आजच बंद करा. गोळ्यांची पाकिटं मात्र फेकू नका, सोमवारी दाखवा. त्या कित्येक आठवडे घेतल्या असतील तर एकदम बंद करूनही चालत नाही, कशा कमी करायच्या ते तिथले डॉक्टर सांगतील. आणि पुढे कधीही दमा, अ‍ॅलर्जी, गुडघेदुखी म्हणून कुणी स्टेरॉइड लिहू लागलं, तर भाऊजींनी आधी हा आजार सांगायचा.

टाटाबद्दल. सूज आहे म्हटल्यावर एआरटीच्या जोडीला केमोथेरपी लागेल, असंच मी धरून चालते. नुसते त्वचेवर थोडेसे डाग असते तर एआरटीवरच काही महिने वाट पाहिली असती. केमोसाठी सहसा लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन किंवा पॅक्लिटॅक्सेल वापरतात. पहिलं साधारण तीन आठवड्यांनी एकदा सलाइनमधून देतात, लाल रंगाचं असतं, पाहून घाबरायला होतं, पण केस त्यानं सहसा फारसे जात नाहीत. पॅक्लिटॅक्सेलनं जातात, पुन्हा येतात. हे उपचार पुण्यात होतात. परळला जाऊन दुसरं मत घ्यायचं असेल तर जरूर घ्या, माझा विरोध नाही. मात्र तिथेही पहिला प्रश्न हाच विचारतील की एआरटी कधी सुरू केली.

एक काम मात्र आधीच करून ठेवा. ज्या लॅबनं तुकडा तपासला, तिच्याकडून रिपोर्टसोबत ब्लॉक (मेणात बसवलेला तो तुकडा) आणि स्लाइड (त्याच्या काचपट्ट्या) हेही मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे. कपोसी आपल्याकडे इतका क्वचित दिसतो की काही पॅथॉलॉजिस्टना वर्षानुवर्षं त्याची गाठ पडत नाही. हुबेहूब असेच दिसणारे डाग, तेही एचआयव्ही असलेल्यांतच, बार्टोनेला नावाच्या जिवाणूमुळे येतात, आणि ते साध्या अँटिबायोटिकनं बरे होतात. त्यामुळे त्याच तुकड्यावर एचएचव्ही-८ ची विशेष तपासणी झाली आहे का ते विचारा. झाली नसेल तर करून घ्या. तिच्यासाठी एआरटी मात्र थांबवायची नाही.

गोळ्या सुरू झाल्यावरचे पहिले दोन-तीन महिने सांभाळायचे. या काळात कधी कधी डाग आधी वाढतात, सूज वाढते. ज्या पेशी संपल्या होत्या त्या परत येऊन कामाला लागतात, त्याची ही उसळी. नेमक्या याच वेळी घाबरून लोक गोळ्या टाकून देतात, आणि इथेच घात होतो. गोळी चालू ठेवून डॉक्टरांना दाखवायचं. दम लागला, खोकल्यातून रक्त पडलं, शौच डांबरासारखी काळी झाली, ताप उतरत नसला, किंवा डोकं फार दुखून उलट्या झाल्या, तर पुढच्या तारखेची वाट न बघता ससूनच्या कॅज्युअल्टीत जायचं, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी. बाकी सुधारणा दिसायला महिने लागतात. डाग आधी सपाट होतात, मग फिके. काही ठिकाणी तपकिरी खूण उरते, तिला आजार समजून उगाळत बसू नका.

तुमच्या काढ्याला मी हसणार नाही. हाताशी जे होतं ते तुम्ही केलंत. पण एचआयव्ही ज्या पेशींत बसून स्वतःची संख्या वाढवतो, त्या पेशी काढ्यानं वाढत नाहीत. वाढल्या असत्या तरी त्यानं त्याही खाल्ल्या असत्या. आधी त्याची वाढ गोळीनं थांबवली की सीडी-४ आपापला चढतो. दुसरं म्हणजे, कोविडच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद केली होती. आयुष मंत्रालयानं ते मान्य केलं नाही, वाद झाला. वाद राहू दे बाजूला. नवीन औषधं सुरू होताना लिव्हर कशानं बिघडलं, हा घोळ आपल्याला नको. काढा बंद करा, त्याऐवजी दोन वेळचं पोटभर जेवण, डाळ, अंडी, जे घरात चालतं ते. अजून एक बारीक गोष्ट: कॅल्शियम, लोह किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी एचआयव्हीच्या गोळीबरोबर एकदम घेऊ नये, तिचा असर कमी होतो. किती अंतर ठेवायचं ते सेंटरवर विचारा. सासूबाईंच्या डब्यातली कॅल्शियमची गोळी ‘पाय दुखतोय ना, घे’ म्हणून त्यांच्या हातावर पडायला वेळ लागत नाही.

मुलीचं थोडक्यात. एका ताटात जेवल्यानं, मांडीवर बसल्यानं, डागाला हात लागल्यानं, एकाच संडास-बाथरूममुळे एचआयव्ही होत नाही, आणि कॅन्सर तर कुणाचा कुणाला लागतच नाही. एचएचव्ही-८ लाळेत असतो, म्हणून काकाचं उष्टं तिला भरवू नका आणि टूथब्रश वेगळा ठेवा. दाढीचं ब्लेड कुणाचंच कुणी वापरू नये, तसं इथेही. बस. काकाच्या ताटातून तिला अचानक उठवलंत तर ते भाऊजींना लगेच कळेल, आणि त्याचा त्रास पायाच्या सुजेपेक्षा जास्त होईल. तिचं ताट शेजारी मांडा.

‘आलं कुठून?’ याचं उत्तर मी देणार नाही, कारण मला ते डागावरून कळत नाही आणि कुठल्याच डॉक्टरला कळत नाही. तुम्ही नेटवर वाचलं असेल की कपोसी हा समलिंगी पुरुषांचा कॅन्सर. अमेरिकेत १९८१ साली तो त्यांच्यात दिसला, कारण एचएचव्ही-८ त्यांच्यात जास्त पसरलेला होता. आफ्रिकेत तो बायकांना होतो, लहान मुलांना होतो. भारतात हा विषाणूच कमी आहे, म्हणून एचआयव्ही असलेली वीस लाखांहून जास्त माणसं असूनही कपोसी आपल्याकडे दुर्मीळ राहिला. भाऊजींना त्यांच्या आयुष्यातलं कधी सांगावंसं वाटलं तर ऐकून घ्या. तुम्ही विचारू नका. फक्त एवढं त्यांच्या कानावर घाला की ज्या व्यक्तीशी संबंध होते किंवा आहेत, तिची तपासणी व्हायला हवी. समुपदेशक त्यात मदत करतात.

मिस्टरांचा प्रश्न सर्वांत अवघड, कारण तुम्ही दोन्हीकडून बांधलेल्या आहात. विश्वासानं सांगितलेली एचआयव्हीची गोष्ट त्या माणसाच्या संमतीशिवाय पुढे सांगता येत नाही, असं २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा म्हणतो. कायदा नसता तरी मी तेच म्हटलं असतं. भाऊजींनी सबंध घरात एका माणसावर भरवसा ठेवला. तो तुटला तर ते ससूनलाही जाणार नाहीत आणि तुमच्याशीही बोलणार नाहीत. पण शपथ जशी घातली तशीच उचलायची, असंही नाही. त्यांना स्पष्ट सांगा: ‘मी होऊन सांगणार नाही. पण तुमच्या दादांनी मला थेट विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही, तुम्हालाच विचारा म्हणेन.’ हे आधी सांगून ठेवलंत तर पुढे त्यांना फसवल्यासारखं वाटणार नाही. माझं मत विचाराल, तर दादांना लवकर कळावं. केमोच्या दिवशी घरी आणायला, रात्री-अपरात्री गाडी काढायला भाऊ हवा. सासूबाईंना इतक्यात कळलं नाही तरी काही बिघडत नाही. सांगायला भाऊजींची जीभ रेटत नसेल तर सेंटरचे समुपदेशक भावाला बोलावून, दोघांना समोर बसवून सांगतात. निम्मं ओझं तिथेच उतरतं.

स्थळाच्या बाबतीत मात्र मी इतकी मऊ नाही. पाडव्यानंतरचा तो कार्यक्रम रद्द व्हायलाच हवा. आपली स्थिती गुप्त ठेवायचा हक्क भाऊजींना आहे, आणि ज्या मुलीशी शरीरसंबंध येणार तिला आधी सांगणं, तिला लागण होऊ नये याची काळजी घेणं, ही जबाबदारीही त्याच कायद्यानं त्यांच्यावर टाकलीय. त्यांनी आईला स्वतःच सांगावं: ‘पायाचं दुखणं मोठं निघालंय, उपचार वर्षभर चालतील, तोवर स्थळाचं नाव काढू नकोस.’ यात खोटं एक अक्षर नाही. सासूबाई चिडतील, कुणाची नजर लागली म्हणतील, मीठ-मोहऱ्या उतरवतील. उतरवू देत. आणि लग्नाचं दार कायमचं बंद झालं असं भाऊजींना वाटत असेल तर तेही खरं नाही. नियमित गोळ्यांनी रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर संबंधांतून तो जोडीदाराला जात नाही. हे आता जगभर मान्य झालंय. खरं सांगून लग्न केलेली, मुलंबाळं असलेली जोडपी एआरटी सेंटरच्या रांगेत भाऊजींना दिसतील.

राहिला मेडिक्लेम. एआरटीसाठी तो लागतच नाही. केमोसाठी आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं बघा, रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. मेडिक्लेम लावला तर निदानाचे कागद विमा कंपनीकडे जातात, आणि काही ठिकाणी ते एचआरच्या टेबलावरून जातात. भाऊजींच्या कंपनीत कसं आहे, ते त्यांनी क्लेमचा फॉर्म भरण्याआधी शोधून काढावं. एचआयव्ही आहे एवढ्यावरून नोकरीवरून काढणं किंवा नोकरीसाठी ही तपासणी सक्तीची करणं २०१७ च्या त्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं बंद केलंय, आणि तो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तरी शहाणपण म्हणून सुट्टीच्या अर्जाला जोडायचं प्रमाणपत्र घेताना डॉक्टरांना सांगा की त्यावर आजाराचं नाव नको, ‘माझ्या उपचाराखाली आहेत, अमुक दिवस विश्रांती’ एवढं पुरे. सोमवारची रजा मात्र आजच टाकायला लावा, सेंटरवर सकाळचा सगळा वेळ जातो.